आलोय म्हणून सांगायला

हमीदभाई परकारांना कुठल्याही गावात सरळ शिरता येत नसे. गाव लहान असो की मोठं, तिथे घटकाभर थांबायचं असो की महिनाभर राहायचं असो, आधी त्या गावात कोण पुरलंय याची चौकशी व्हायची. मग त्या जागी जायचं, डोक्याला रुमाल बांधायचा, हात पसरून गेलेल्यांसाठी फातिहा पढायची आणि बरोबर नेलेली शिरणी, म्हणजे खजूर किंवा खडीसाखर, समोर येईल त्या माणसाला वाटायची. एवढं झालं की हमीदभाई मोकळे. मग ते बाजारात शिरत, चहा पीत, घासाघीस करत, भांडतसुद्धा. मी एकदा विचारलं, नवस बोलायला जाता का हो? तर म्हणाले, "नाय वो वहिनी, मागायला कशाला जाऊ? आलोय म्हणून सांगायला जातो. कुणाच्या घरात शिरताना आपण कडी वाजवतो का नाय? तसंच."

दुबईतलं माझं पहिलं पाऊलसुद्धा या कडीच्या भानगडीत अडकलं. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, तिथल्या नव्या पॉवर हाऊसच्या ऑफिसात नोकरीला लागले होते आणि वर्षभराने त्यांनी मला बोलावून घेतलं. साठीचं दशक होतं. अमिरात वगैरे अजून व्हायची होती. सात शेखांची सात गावं आणि मधे वाळू, एवढाच कारभार. मुंबईहून आलेली आगबोट बाहेर समुद्रात उभी राहायची आणि तिथून लाँचने खाडीत यायचं. मी लाँचमधून उतरले ती एका हातात लोणच्याची बरणी, दुसऱ्या हातात स्टोव्ह आणि पोटात प्रवासभराची मळमळ घेऊन. धक्क्यावर यांच्या शेजारी एक उंच, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस छत्री उघडून उभा होता. पाऊस जवळजवळ ठाऊक नसलेल्या त्या गावात छत्री पाहून मला उगाच बरं वाटलं. तो म्हणाला, "या वहिनी. मी हमीद परकार, दाभोळचा. पॉवर हाऊसात इंजिनांचा फोरमन. तुमच्या खालच्या खोलीत राहतो. घर जवळच आहे, फक्त पाच मिनिटं वाकडी वाट करू."

ती वाकडी वाट कबरस्तानाच्या भिंतीपाशी गेली. मी सांगलीच्या वकिलाची मुलगी. नवऱ्याच्या घराचं माप ओलांडायच्या आधी मला कबरस्तान दाखवणारा हा कोण, या विचाराने माझं डोकं फिरलं. हमीदभाईंनी शांतपणे फातिहा पढली, मग भिंतीकडे तोंड करून चक्क मराठीत सांगितलं, "ही सांगलीची वहिनी. आता इथंच राहणार आहे. जरा लक्ष असू द्या." आणि माझ्या हातावर एक खजूर ठेवला. हे मला डोळ्यांनी 'खा, खा' म्हणून खुणावत होते. मी खाल्ला. दुबईत पोटात जाऊन टिकलेला तो माझा पहिला घास. मळमळ तिथेच थांबली हे खरं. त्याचं श्रेय हमीदभाई कायम भिंतीपलीकडच्या मंडळींना देत, मी घट्ट जमिनीला देते.

आमची इमारत दुबईच्या देरा भागात होती, दोन मजली आणि तिन्ही त्रिकाळ तापलेली. खाली हमीदभाई एकटे राहत. बायको-मुलं दाभोळला. मधे आम्ही आणि एक सिंधी कापडवाला. सगळ्यात वर एक पॅलेस्टिनी शिक्षक आणि त्यांची बायको. त्यांच्याकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, म्हणून ते अबू समीर आणि ती उम्म समीर. तो समीर कैरोत शिकत होता, आम्ही त्याला कधी पाहिलं नाही. हमीदभाई मात्र अबू समीरना उस्ताद म्हणत, म्हणून आम्ही सगळेच म्हणू लागलो.

हमीदभाईंच्या जगात मोजमापाचं एकच परिमाण होतं, दाभोळ. दुबईची खाडी दाखवली की "आमची रुंद आहे". शेखाचा किल्ला दाखवला की "आमच्या गोपाळगडापुढे हा गोठा". बाजारातली सुरमई बघून नाक मुरडायचे आणि मग तीच घ्यायचे. माशांच्या लांबीच्या बाबतीत त्यांच्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नसे. त्यांनी हात पसरून दाखवलेल्या माशाचं डोकं आणि शेपूट आम्ही मनातल्या मनात कापून टाकायचो. छत्री कायम बरोबर. पांढऱ्या पँटीवर ग्रीसचा एक तरी डाग हवाच, नाहीतर त्या दिवशी ड्यूटी झाली नाही असं समजायचं. वीज गेली की अख्खी इमारत गच्चीवर येऊन "या हमीद", म्हणजे अरबीत 'अरे हमीद', असा पुकारा करायची, मग हमीदभाई खाली ओट्यावर येऊन म्हणायचे, "इन्शाल्ला येईल. इंजिन जर्मन आहे, हवा दुबईची आहे, भांडण मिटायला टाइम लागतो." आणि चप्पल सरकवून पॉवर हाऊसच्या दिशेने निघायचे.

एकदा शुक्रवारी त्यांनी आम्हाला कंपनीच्या लँडरोव्हरमधून रास अल खैमा दाखवायला नेलं. रस्ता असा नव्हताच. ओहोटी पाहून समुद्राच्या कडेच्या ओल्या वाळूतून गाडी हाणायची. वाटेत दोनदा चाकं रुतली. दोन्ही वेळा उतरून ढकलणारे आमचे हे आणि छत्री धरून दिशा सांगणारे हमीदभाई. गाव आलं, खजुराच्या बागा दिसल्या, डोंगर दिसले, मला आनंद झाला. तर हमीदभाईंनी आधी एका म्हाताऱ्या अरबाला गाठलं आणि इथला पीर कोण म्हणून विचारलं. म्हातारा भडकला. त्यांच्याकडे पीर, दर्गा, असलं चालत नाही. जे मागायचं ते थेट अल्लाकडे मागावं, मधे मेलेली माणसं कशाला, असं त्याने काठी आपटून सांगितलं. हमीदभाई हात जोडून म्हणाले, मागत काहीच नाही, नुसतं सांगायचं आहे. म्हाताऱ्याला हा प्रकार नवीन होता. त्याने बराच वेळ दाढी कुरवाळली आणि शेवटी म्हणाला, "मग मला सांग. मी पण मरायलाच आलोय." हमीदभाईंनी खरोखर त्याला सांगितलं, त्याच्या हातावर खडीसाखर ठेवली, आणि त्या म्हाताऱ्याने आम्हाला बागेत बसवून जेवू घातलं. पुढे दर मोसमात त्याच्या बागेतला खजुराचा डबा हमीदभाईंकडे यायला लागला.

उस्ताद आणि हमीदभाई यांची जोडी मात्र जिन्याच्या पहिल्या पायरीची. पॉवर हाऊस सुटलं, शाळा सुटली की दोघं तिथे फासे आणि सोंगट्यांचा पट मांडून बसत. उस्ताद किरकोळ अंगाचे, इस्त्रीचा कोट घालणारे, आवाज कधी न चढवणारे. हमीदभाई फासे टाकण्याआधी फुंकर मारणारे आणि जमलं तर सोंगटी हळूच पुढे सरकवणारे. भाषा म्हणजे अरबी, हिंदी आणि इंग्रजी यांची खिचडी. अरबीत 'प' नाही, त्यामुळे उस्तादांच्या तोंडी परकारांचे बारकार झाले. उलट हमीदभाईंचे कुराणातले उच्चार ऐकून उस्तादांच्या कानाला त्रास व्हायचा, ते तिथल्या तिथे दुरुस्त करायचे. "हमीद, हा आवाज गळ्यातून काढ, नाकातून नको." "उस्ताद, कोकणात सगळं नाकातूनच येतं." असं चालायचं. माणसं एकमेकांना जीव लावतात तो कशामुळे, हे मला त्या दोघांकडे बघून कधीच कळलं नाही. पण लावला होता, आणि इमारतीत सगळ्यांना ते माहीत होतं.

दशक सरत आलं तेव्हा पॉवर हाऊसला नवी इंजिनं घ्यायचं ठरलं आणि हमीदभाईंना ट्रेनिंगसाठी जर्मनीला, म्युनिकजवळच्या एका कारखान्यात पाठवायचं निघालं. हमीदभाईंना आनंद झाला तो इंजिनांचा नव्हता. "वहिनी, नवा मुलूख. किती गावं असतील." त्यांनी ट्रंकेत लोकरीचे कपडे घातले, कोकमं घातली, रास अल खैमाचा खजुराचा आख्खा डबा घातला. छत्री हातात. उस्ताद त्यांना विमानतळावर सोडायला गेले होते. 'थंडीत कान झाक' एवढंच म्हणाले असं हे सांगत होते.

थंडी सरल्यावर हमीदभाई परत आले, आणि पुढचे काही शुक्रवार आमच्या गच्चीवर नुसती जर्मनी होती. चहा, भजी, आणि हमीदभाई. त्यांच्या तिथल्या घरमालकीणबाईंचं नाव हिल्डा. बाई विधवा, स्वच्छतेची वेडी. हमीदभाईंनी पहिल्याच आठवड्यात तिच्या स्वयंपाकघरात माशाचं कालवण केलं, तेव्हा बाईने घरातले सगळे पडदे काढून धुतले आणि मग थोडं कालवण वाढून घेतलं. डुकराच्या भीतीने हमीदभाई बटाटा आणि अंडं यांवर राहत होते. रविवारी सुट्टी. दर रविवारी आगगाडीने एक गाव.

"औग्सबुर्गला गेलो. जुनं शहर, फवारे काय, घड्याळं काय. मी बाईला आधीच विचारून ठेवलं होतं, तिथला पीर कोण. ती बोलली, आमचा एक जुना संत आहे, मोठ्या चर्चात. गेलो. बघतो तर वहिनी, मूर्तीच्या हातात मासा."

"मासा?"

"मासा. मी तिथंच सलाम केला. हा आपल्याकडचाच निघाला. फातिहा पढलो, बाहेर पोरं होती त्यांना खजूर वाटले. एकाने बी गिळली, त्याची आई माझ्यामागे धावली." आमचे हे हसून हसून गच्चीच्या कठड्याला टेकले. उस्तादसुद्धा हसले, आणि माशाची लांबी किती होती ते विचारलं.

अशी किती गावं सांगितली. पण मला एक गोष्ट खटकत होती. हमीदभाई कुठूनही आले की तिथली उरलेली शिरणी इमारतीत घरोघर वाटत. शारजा नाहीतर अबुधाबीहून आले तरी वाटत. या खेपेला जर्मनीहून येऊन बरेच दिवस झाले, तरी काही नाही. आणि त्यांच्या खोलीत खिडकीत रुमालात बांधलेलं एक पुडकं मी रोज बघत होते. मुंग्या लागू नयेत म्हणून त्याच्याखाली पाण्याची बशी. मला राहवेना. एका दुपारी सांडगे द्यायच्या निमित्ताने खाली गेले आणि सरळ विचारलं, "हमीदभाई, हे कुणाचं?"

ते स्टुलावर बसले. छत्रीची मूठ चोळली. मग म्हणाले, "एक गाव मी गच्चीवर सांगितलं नाय."

त्या गावाचं नाव डाखाव. म्युनिकहून आगगाडीने जवळच. मालकीणबाई म्हणाली होती, टेकडीवर जुना राजवाडा आहे, बाग आहे, हवा स्वच्छ असली तर बर्फाचे डोंगर दिसतात, आणि केक चांगला मिळतो. हमीदभाई गेले. दगडी गल्ल्या चढून वाडा बघितला. डोंगर दिसले. "चांगलं गाव आहे वहिनी, खोटं नाय बोलणार. दाभोळपेक्षा चांगलं." हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. पण पीर कोण ते बाईला विचारायचं राहून गेलं होतं. म्हणून त्यांनी केकच्या दुकानातल्या बाईला विचारलं, आपल्या मोडक्या जर्मनमध्ये आणि हातांनी. तुमच्या गावात कोण पुरलंय? मोठे लोक, ज्यांना आलोय म्हणून सांगावं? ती बाई थांबली. हातातल्या सुरीने तिने खालच्या रस्त्याकडे दाखवलं आणि पाठ करून बरण्या पुसायला लागली.

"मला वाटलं, मिळाला पीर. दर्गा गावाबाहेरच असतो ना. डोक्याला रुमाल बांधला, खजूर घेतले आणि चालत गेलो. लांब होतं. पोचलो तर काटेरी तार. मनोरे, पहाऱ्याचे. मी बोललो, पिराला तार कशाला?"

आत मोकळं मैदान होतं, बारीक खडीचं. जिथे माणसं कोंबून ठेवलेल्या लाकडी चाळी होत्या, तिथे आता जमिनीवर नुसत्या चौकटी आखलेल्या. एका इमारतीत फोटो लावले होते. हमीदभाईंना खालचं लिहिलेलं वाचता येत नव्हतं. फोटो वाचावे लागत नव्हते. मग झाडांमागे विटांची बुटकी इमारत. तिथे भट्ट्या.

"मी इंजिनचा माणूस वहिनी. भट्टी बघितली की मला कळतं, हवा कुठून घेतली, राख कुठून काढली. चांगलं काम होतं. दारं बरोबर बसत होती. म्हणजे कुणीतरी फिटर आला असणार. त्याने माप घेतलं असणार. माप घेताना विचारलं असणार ना, आत काय घालणार म्हणून? त्याला सांगितल्याशिवाय माप कसं घेणार?" हे बोलताना त्यांचा आवाज बारीक झाला. मी सांगलीला असताना दुसऱ्या महायुद्धाबद्दल, जर्मनांच्या त्या छळछावण्यांबद्दल वर्तमानपत्रात वाचलं होतं आणि पान उलटलं होतं. एका फिटरने माप घेतलं असेल हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

तिथे उभं राहून हमीदभाईंनी फातिहा पढली. आलोय म्हणून सांगायला नाव हवं, नाव कुणाचं घेणार? म्हणून जेवढे असतील तेवढ्यांना सांगितलं. मग शिरणी वाटायला वळले. एक म्हातारा माळी खडी सारखी करत होता. त्याच्यापुढे खजूर धरले. त्याने टोपी काढली, खजुरांकडे बघितलं, नको म्हणून मान हलवली आणि पुन्हा दाताळं ओढायला लागला. दुसरं कुणी नव्हतं. रात्री घरी जेवताना मालकीणबाईने विचारलं, वाडा आवडला का. हमीदभाई म्हणाले, वाडा चांगला आहे. तिने आणखी काही विचारलं नाही, आणि त्या दिवशी बटाटे जास्त वाढले.

"तेव्हा हे खजूर त्यांच्या नावाचे आहेत," हमीदभाई म्हणाले. "वाटल्याशिवाय फातिहा पुरी होत नाय."

"मग वाटा की. मला द्या, मी घेते."

"तुमचं नाय हो. वर उस्ताद आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उस्तादांच्या मुलखात नुकतीच पुन्हा लढाई होऊन गेली होती. त्यांच्या घरातला रेडिओ दिवसभर चालू असायचा. त्यांचं गाव हैफा, समुद्रकाठचं. तरुणपणी तिथून निघावं लागलं ते कायमचं. त्यांच्या घरात आज ज्यू राहत होते. आणि डाखावच्या त्या भट्टीत ज्यू गेले होते. मी माझ्या व्यवहारी डोक्याने झटकन तोड काढली, की उस्तादांना सांगू नका. आम्ही बाकीचे खाऊ. नाहीतर त्यांना सांगा, जर्मनीतल्या एका पिराची शिरणी. मासेवाल्याची म्हणा.

हमीदभाई माझ्याकडे बघतच राहिले. रागावले नाहीत, पण मला शरम वाटेल असं बघितलं. "एक घर वगळलं तर ती शिरणी होत नाय वहिनी, नुसता खाऊ होतो. आणि मेलेल्याचं नाव बदलायचं? त्यांचं तेवढंच उरलंय." मग म्हणाले, "उस्ताद बोलायचा बंद झाला तर या गावात माझं कोण आहे? म्हणून पुडकं तसंच पडलंय."

पुढच्या शुक्रवारी आंघोळ करून, नमाज पढून ते ताट घेऊन वर आले. आधी सिंध्याकडे, मग आमच्याकडे. आम्ही दोघांनी खजूर घेतले. ताटावरचा रुमाल धरायला म्हणून मी त्यांच्याबरोबर वरच्या मजल्यावर गेले. खरं म्हणजे मला त्यांना एकट्याने जाऊ द्यायचं नव्हतं.

उस्तादांनी हसत दार उघडलं, ताटाकडे हात केला आणि नेहमीसारखं विचारलं, "कुणाच्या नावाची?"

हमीदभाईंनी सांगितलं. सगळं, सरळ, गावाच्या नावासकट. उस्तादांचा हात ताटावरच थांबला.

"यहूद?"

"यहूद पुष्कळ. पाद्री होते, रशियन होते, पोलंडचे होते, त्यांचे जर्मनसुद्धा होते. मी वेगळं कुणाला काढलं नाही, उस्ताद."

"हमीद, माझी आई हैफात पुरली आहे," उस्ताद म्हणाले. आवाज तेव्हाही चढला नाही. "वीस वर्षं होत आली, तिच्याकडे कुणी गेलेलं नाही. मला जाऊ देत नाहीत. तू इतक्या लांब जाऊन त्यांना भेटून आलास?"

"हो. ज्यांच्याकडे गेलो ते कुणाच्या घरात शिरले नाहीत, उस्ताद. ते तिथून बाहेरच आले नाहीत."

उस्तादांनी हात मागे घेतला. मागे उम्म समीर उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मग दार बंद झालं. आपटलं नाही, हळूच लावलं, आणि ते जास्त लागलं. जिना उतरताना मी हमीदभाईंवर चिडले. म्हटलं, पाहिलंत? काय मिळवलंत? ते पायऱ्या बघत उतरत होते. "उस्ताद रागावलाय वहिनी. फसला नाय," एवढंच म्हणाले.

त्यानंतर जिन्याची पहिली पायरी ओस पडली. मला दोघांचाही राग यायचा. उस्ताद शाळेतून येत, पायरी चुकवून भिंतीकडून वर जात. हमीदभाई त्या वेळेला मुद्दाम पॉवर हाऊसात थांबत. वीज गेली की गच्चीवरून "या हमीद" व्हायचं, त्यात एक आवाज कमी असायचा आणि तो माझ्या कानाला लगेच जाणवायचा. दाभोळशी कशाची तुलना करणंसुद्धा हमीदभाईंनी सोडलं. मी मुद्दाम सुरमईचं नाव काढलं तरी नुसतं 'चांगली आहे' म्हणायचे. असा माणूस माझ्याच्याने बघवत नव्हता. उम्म समीर आणि मी जिन्यात भेटलो की एकमेकींकडे बघून मान हलवत असू. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती, पण नवऱ्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या हट्टाला भाषा लागत नाही.

रमजान येऊन गेला. ईद झाली. आणि एका शुक्रवारी दुपारी मी कपडे वाळत घालायला जिन्यातून वर निघाले, तर उस्ताद पट घेऊन खाली येताना दिसले. इस्त्रीचा कोट, काखेत पट. ते पायरीवर बसले आणि सोंगट्या लावायला लागले. हमीदभाई खोलीच्या दारात आले आणि तिथेच थांबले. मी कपड्यांची बादली घेऊन होते तिथेच उभी राहिले. ऐकायचं नव्हतं असं म्हणणार नाही.

"तो खजूर मी खाणार नाही," उस्ताद म्हणाले.

"नका खाऊ."

"माझ्याच्याने खाल्ला जाणार नाही. पण तू न सांगता दिला असतास, मी खाल्ला असता, आणि मग मला कळलं असतं, तर या पायरीवर पुन्हा कधी बसलो नसतो."

"ते ठाऊक होतं."

"फासे टाक. यल्ला, चल."

हमीदभाईंनी फाशांवर फुंकर मारली. तिसऱ्याच डावात त्यांनी सोंगटी सरकवली, उस्तादांनी पकडली, आणि दोघं खिचडी भाषेत कडकडून भांडले. मी वर जाऊन कपडे वाळत घातले आणि गच्चीवर एकटीच हसत बसले. इतकं बरं मला त्या गावात क्वचितच वाटलं असेल.

दीड-दोन वर्षांनी हमीदभाईंनी नोकरी सोडली. गुडघे गेले होते, मुलीचं लग्न काढलं होतं, आणि दाभोळ काही दुबईला येणार नव्हतं. आम्ही सगळे धक्क्यावर गेलो. सकाळची वेळ. जायच्या आधी कबरस्तानाच्या भिंतीपाशी जाऊन ते निरोप घेऊन आले होते. ट्रंक लाँचवर चढली, हमीदभाई चढले, छत्री उघडून उभे राहिले. आमच्या ह्यांच्याशी काहीतरी थट्टा चालली होती. उस्ताद मात्र बाजूला उभे होते. लाँचवाल्याने दोर सोडायला घेतला तसे ते एकदम पुढे आले, बूट ओले होण्याची पर्वा न करता थेट पाण्याच्या कडेला.

"हमीद, तुझ्या गावात कबरस्तान आहे ना?"

"आहे की. समुद्राकडे तोंड करून."

"पोचलास की तिथे जाशील?"

"पहिला तिथंच."

"मग एक नाव घे. सफिया बिन्त यूसुफ. दुसरं काही सांगू नकोस. नुसतं नाव घे."

हमीदभाईंनी छत्री मिटली. नाव म्हणून पाहिलं. चुकलं. उस्तादांनी मान हलवली, "गळ्यातून नको, आता जिभेच्या टोकाने," आणि पुन्हा सांगितलं. लाँच सुटली. हमीदभाई आम्हाला हात करायलाही विसरले. ओठ हलवत, एका बाईचं नाव पाठ करत उभे होते, जिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मला रडू आवरेना. आणि कधी आवाज न चढवणारे उस्ताद त्या गजबजलेल्या धक्क्यावर, हमाल आणि खलाशी बघत असताना, लाँच खाडीच्या वळणाला जाईपर्यंत आपल्या आईचं नाव मोठमोठ्याने ओरडून सांगत होते.